एक ऑक्सिजन कमी: रुटाइलवरचा दोष पाहायची आणि पारखायची कृती

शहाड म्हटलं की कल्याण-डोंबिवलीकरांना बिर्ला मंदिर आठवतं आणि पाठोपाठ रेयॉनचा कारखाना. व्हिस्कोस रेयॉनचा धागा मुळात फार चकाकतो, म्हणून तर त्याला नकली रेशीम म्हणत. ज्यांना मंद झळाळीचा धागा हवा असतो, त्यांच्यासाठी सूत काढण्याआधी व्हिस्कोसच्या द्रावणात टायटॅनियम डायऑक्साइडची बारीक पूड मिसळतात. भिंतीचा पांढरा रंग, टूथपेस्ट, औषधाच्या गोळीवरचं आवरण, या सगळ्यांत हीच पूड असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचं खनिज असतं.

या पुडीचा एक स्वभाव कापडाच्या धंद्यातल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. उन्हात ती आजूबाजूचा धागा कमकुवत करते. म्हणून तिच्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा पातळ थर देतात. १९७२ साली जपानमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी याच ऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन करून दाखवलं, तेव्हापासून त्याच्या पृष्ठभागाकडे जगाचं लक्ष लागलं. पृष्ठभागावर एखादा ऑक्सिजन अणू जागेवर नसेल तर पाण्याचा रेणू नेमका तिथे येऊन तुटतो. ही गोष्ट स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपने, म्हणजे एसटीएमने, अणू-अणू मोजून दाखवता आली.

शहाड, उल्हासनगर, कल्याण भागातून एमएस्सी करून संशोधनाकडे वळणाऱ्या मुलामुलींसाठी ही कृती लिहितो आहे. प्रतिमा मिळवण्याची कृती पुष्कळ ठिकाणी मिळते. प्रतिमेत दिसलेला उजळ ठिपका खरोखर ऑक्सिजनची रिकामी जागा आहे की दुसरंच काही, हे ठरवण्याचा भाग मात्र बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकलेला असतो. माझ्या मते खरं काम तेच आहे.

कुठे करायचं

सराव कॉलेजात करा, खरं मोजमाप निर्वात चेंबर असलेल्या प्रयोगशाळेत. हवेत चालणाऱ्या टेबलावरच्या एसटीएमने ऑक्साइडवरचा एकेक अणुदोष पाहिल्याचा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नका. हवेत ऑक्साइडवर पाण्याचा आणि कर्बयुक्त घाणीचा थर असतोच. पण टिप, म्हणजे एसटीएमची सुई, जवळ नेणं, तिचं अंतर राखणारा फीडबॅक जुळवणं, ड्रिफ्ट, म्हणजे नमुन्याचं सावकाश सरकणं, ओळखणं हे सगळं ग्राफाइटवर हवेत शिकता येतं, आणि ते शिकून गेलात तर मोठ्या प्रयोगशाळेतले महागडे तास वाया जात नाहीत.

महाराष्ट्रात या विद्येची परंपरा चांगली आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सी. व्ही. धर्माधिकारी यांच्या गटाने एसटीएमवर दीर्घकाळ काम केलं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ३५० मिलीकेल्विन तापमानाला आणि ९ टेस्ला चुंबकीय क्षेत्रात चालणारा एसटीएम तिथेच बांधला गेला आणि २०१३ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. तो अतिवाहकांसाठी आहे, ऑक्साइडसाठी नाही, पण असं यंत्र आपल्या लोकलच्या टप्प्यात बांधलं जातं हे ठाऊक असलेलं बरं. कोणतं उपकरण कुठे आहे, बाहेरच्या विद्यार्थ्याला ते कसं मिळतं, हे केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर पाहा. पवईच्या आयआयटीतली सैफ ही सुविधाही बाहेरच्यांचे नमुने घेते. अर्ज करताना ‘अति-उच्च निर्वात, नमुना चेंबरमध्येच साफ आणि गरम करायची सोय’ ही अट स्पष्ट लिहा. ती सोय नसेल तर पुढचं काहीच जमणार नाही.

आधी थरथर मोजा

टिप आणि नमुना यांत साधारण अर्धा ते एक नॅनोमीटर अंतर असतं. हे अंतर ०.१ नॅनोमीटरने कमी झालं की दोघांमधला टनेलिंग करंट सुमारे दहापट वाढतो. म्हणजे इमारतीची थरथर करंटमध्ये लगेच उतरते. शहाडसारख्या ठिकाणी कसारा मार्गावरच्या गाड्या आणि मुरबाड रस्त्यावरचे ट्रक दिवसभर चालू असतात. सरावाचं यंत्र तळमजल्यावर, खोलीच्या मध्यापेक्षा खांबाजवळ ठेवा. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपापासून लांब.

मग एक साधी तपासणी करा. टिप टनेलिंगमध्ये आणा, स्कॅन बंद ठेवा आणि फक्त करंटचा वर्णपट पाहा. ५० हर्ट्झला उंच शिखर दिसलं तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो. सगळी उपकरणं एकाच अर्थला जोडा, चार्जर आणि ट्यूबलाइट काढून पाहा. २४ हर्ट्झच्या आसपास शिखर असेल तर मिनिटाला १४५० फेऱ्यांची एखादी मोटर जवळ फिरते आहे, बहुतेक एसीचा ब्लोअर किंवा पंप. ४८ हर्ट्झचं शिखर फसवं असतं. ते २९०० फेऱ्यांच्या मोटरचं असतं आणि घाईत विजेचं समजलं जातं. एकेक मोटर बंद करून शिखर जातं का पाहा. १० ते ३० हर्ट्झमधला पसरट फुगवटा इमारतीचा असतो. त्यासाठी एक-दोन हर्ट्झवर डोलणारं मऊ आधाराचं टेबल लागतं. मायक्रोस्कोपचं डोकं मात्र शक्य तितकं ताठ हवं. टेबल मऊ आणि डोकं ताठ, या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच उपयोग.

ग्राफाइटवर हात बसवा

ग्राफाइटच्या तुकड्यावर चिकटपट्टी दाबून वरचा थर सोलून काढा. पावसाळ्यात सोलल्यावर लगेच स्कॅन करा आणि यंत्राच्या झाकणाखाली सिलिका जेल ठेवा. प्लॅटिनम-इरिडियमची तार तिरक्या कात्रीने ओढत कापली तर हवेतल्या कामाला पुरेशी टिप होते. ठिपक्यांच्या जाळीतलं अंतर ०.२४६ नॅनोमीटर, पायरीची उंची ०.३३५ नॅनोमीटर. हे दोन आकडे यायला हवेत. येत नसतील तर टिप हलवणाऱ्या पिझोचं कॅलिब्रेशन सुधारा. त्याशिवाय ऑक्साइडकडे वळू नका.

एकच जागा डावीकडून उजवीकडे आणि उलट अशी दोन्ही बाजूंनी स्कॅन करायची सवय इथेच लावा. मग स्कॅनची दिशा ९० अंशांनी फिरवा. जे खरं आहे ते नमुन्याबरोबर फिरतं. जे फीडबॅकने किंवा विजेच्या गोंगाटाने निर्माण केलं आहे, ते स्कॅनच्या दिशेला चिकटून राहतं.

टिप बनवणं

खऱ्या कामासाठी ०.२५ मिलिमीटर जाडीची टंगस्टनची तार घ्या. दोन मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ती काही मिलिमीटर बुडवा, भोवती स्टेनलेस स्टीलची किंवा प्लॅटिनमची कडी ठेवा. तार धन टोकाला, कडी ऋण टोकाला. गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय हे करायचं नाही. काही व्होल्ट दिल्यावर द्रावणाच्या पातळीपाशी तार झिजू लागते. तिथे मान तयार होते, ती बारीक होत जाते आणि शेवटी खालचा तुकडा आपल्याच वजनाने तुटून पडतो. त्या क्षणी करंट तोडला पाहिजे. हाताने स्विच बंद करून चालत नाही, कारण तेवढ्या वेळात अणकुचीदार टोक पुन्हा बोथट होतं. करंट अचानक घसरला की आपोआप बंद करणारं सर्किट बनवा. इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी ते एका दुपारी बनवू शकतो. टिप गरम डिस्टिल्ड पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. टोक वाकलेलं दिसलं तर टाकून द्या. निर्वातात गेल्यावर इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने टिप तापवून तिच्यावरचा ऑक्साइड काढायचा असतो.

स्फटिक निवडणं

पुडीवर हे काम होत नाही. रुटाइल प्रकारच्या टायटॅनियम डायऑक्साइडचा एकसंध स्फटिक घ्या, (११०) पृष्ठभागावर कापलेला आणि पॉलिश केलेला. सगळ्यांत जास्त अभ्यासलेला ऑक्साइड पृष्ठभाग हाच, त्यामुळे तुलना करायला माहिती भरपूर आहे. उलरिके डीबोल्ड यांनी २००३ साली टायटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठविज्ञानावर लिहिलेला दीर्घ आढावा कामाला लागण्याआधी वाचाच.

अडचण अशी की शुद्ध रुटाइल वीज वाहत नाही. त्याच्या ऊर्जा-पट्ट्यांमधलं अंतर सुमारे ३ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, आणि करंट वाहिला नाही तर एसटीएम चालत नाही. सुदैवाने दोष निर्माण करायच्या प्रक्रियेतच ही अडचण सुटते. निर्वातात तापवलं की स्फटिकातला थोडा ऑक्सिजन निघून जातो, मागे इलेक्ट्रॉन उरतात आणि स्फटिक वाहक होतो. ते डोळ्यांना दिसतं. नवा स्फटिक जवळजवळ पारदर्शक, फिकट पिवळसर असतो. साफसफाईच्या फेऱ्या वाढत जातात तसा तो फिकट निळा होतो, मग गडद निळा, आणि फार ताणलं तर काळा. दर फेरीनंतर रंग वहीत लिहा. मला फिकट निळा ते मध्यम निळा टप्पा कामाला योग्य वाटतो. त्यापुढे टायटॅनियमचे जास्तीचे अणू आतून पृष्ठभागावर येऊ लागतात, लांबच लांब उंच पट्ट्यांची (१×२) रचना उगवते आणि साधा दोष शोधणं कठीण होतं.

निर्वात आणि साफसफाई

चेंबर १२० ते १५० अंश सेल्सियसला एक-दोन दिवस भाजावं लागतं, म्हणजे भिंतींना चिकटलेलं पाणी निघतं. थंड झाल्यावर दाब १० चा उणे १०वा घात मिलिबारच्या पातळीला यायला हवा. बाहेरच्या हवेच्या दाबाचा हा सुमारे दहा लाख कोटीवा भाग. स्कॅन करताना टर्बो पंप बंद ठेवा, तो थरथरतो. आयन पंप चालू राहू द्या.

मग स्फटिकावर सुमारे १ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या आर्गॉन आयनांचा मारा दहा-पंधरा मिनिटं करा. घाण निघते, पण पृष्ठभाग खडबडीत होतो. तो पुन्हा सपाट व्हावा म्हणून ९०० ते १००० केल्विनपर्यंत, म्हणजे साधारण ६३० ते ७३० अंश सेल्सियसला, तापवा. ही फेरी पुन्हा पुन्हा करायची. किती वेळा, याचं ठरीव उत्तर नाही. कर्बाची खूण ऑजे किंवा एक्सपीएस मोजमापात दिसेनाशी होईपर्यंत. कॅल्शियमकडेही लक्ष ठेवा. तो स्फटिकाच्या आतून तापवताना वर येतो आणि नवख्याला दोषांसारखा भासतो.

स्कॅन

नमुना खोलीच्या तापमानाला आल्यावर टिप जवळ न्या. नमुन्यावर अधिक १.५ व्होल्टच्या आसपास बायस (टिप आणि नमुना यांतला व्होल्टेज) आणि ०.१ नॅनोअँपिअर करंट इथून सुरुवात करा. आधी १०० ते २०० नॅनोमीटरचा मोठा स्कॅन घ्या. सपाट गच्च्या आणि ०.३२ नॅनोमीटर उंचीच्या पायऱ्या दिसल्या तर साफसफाई जमली. मग २० आणि नंतर १० नॅनोमीटरवर या. दर वेळी ड्रिफ्ट शांत होऊ द्या. प्रतिमा एका बाजूला खेचल्यासारखी दिसत असेल तर अजून थांबा.

आता उजळ आणि काळ्या रांगा दिसतील. उजळ रांगांमधलं अंतर ०.६५ नॅनोमीटर, रांगेत एका ठिपक्यापासून पुढच्या ठिपक्यापर्यंत ०.२९६. सगळ्यांची फसगत इथे होते. रुटाइलच्या या पृष्ठभागावर ऑक्सिजनच्या रांगा टायटॅनियमच्या पातळीपेक्षा ०.१ नॅनोमीटरहून थोड्या जास्त उंच आहेत. उंच तेच उजळ, असं धरलं तर उजळ रांगा ऑक्सिजनच्या ठरतील. प्रत्यक्षात उजळ रांगा टायटॅनियमच्या असतात. नमुना धन असताना इलेक्ट्रॉन टिपेकडून नमुन्यातल्या रिकाम्या पातळ्यांत शिरतात आणि त्या पातळ्या टायटॅनियमवर आहेत. एसटीएम उंची मोजत नाही, इलेक्ट्रॉनला कुठे जागा मिळते ते मोजतो. १९९६ साली डीबोल्ड आणि सहकाऱ्यांनी प्रतिमा आणि सैद्धांतिक गणित शेजारी ठेवून हे सिद्ध केलं.

ठिपका कोणाचा

काळ्या रांगांवर, म्हणजे ऑक्सिजनच्या रांगांवर, अधूनमधून उजळ ठिपके दिसतील. ऑक्सिजनची रिकामी जागा अशीच दिसते. पण हायड्रॉक्सिलही असाच दिसतो. चेंबरमध्ये उरलेल्या पाण्याचा एक रेणू रिकाम्या जागेत शिरला की तुटतो, त्याचा ऑक्सिजन एका हायड्रोजनसह रिकामी जागा भरतो आणि शेजारच्या ऑक्सिजनवर दुसरा हायड्रोजन बसतो. एका रिकाम्या जागेच्या बदल्यात दोन हायड्रॉक्सिल तयार होतात. तुम्ही दोष मोजायला निघालात आणि दोष भरून गेलेला असतो, तरी ठिपके तिथेच. बरीच वर्षं जुन्या प्रतिमांचा अर्थ लावताना हाच गोंधळ होत राहिला. २००६ च्या सुमारास युरोपातल्या गटांनी दोघांना नीट वेगळं केलं.

वेगळं करायचे तीन उपाय आहेत. मी तिन्ही वापरायला सांगेन.

एक, उजळपणाची तुलना. रिकामी जागा सर्वांत मंद, एकटा हायड्रॉक्सिल तिच्याहून उजळ, शेजारी-शेजारी बसलेली हायड्रॉक्सिलची जोडी आणखी उजळ. ही तुलना एकाच प्रतिमेत, एकाच टिपने घेतलेल्या ठिपक्यांमध्येच करायची. दोन दिवसांच्या प्रतिमा शेजारी ठेवून उजळपणा जोखणं चुकीचं आहे, कारण टिपेच्या टोकावरचा एक अणू बदलला तरी सगळं चित्र बदलतं.

दोन, वेळ. तीच जागा दर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा स्कॅन करा. मंद ठिपके कमी होत गेले आणि उजळ जोड्या वाढत गेल्या तर चेंबरमधलं पाणी दोष भरत आहे. याचा अर्थ असाही की खरी मोजणी तापवून थंड केल्यावर लवकरात लवकर घ्यायला हवी.

तीन, व्होल्टचा धक्का. सगळ्यांत निर्णायक उपाय हाच. एका ठराविक भागाची नेहमीच्या बायसवर प्रतिमा घ्या. मग तोच भाग अधिक ३ व्होल्टवर एकदा स्कॅन करा, किंवा ठिपक्यावर टिप थांबवून ३ व्होल्टचा छोटा झटका द्या. पुन्हा नेहमीच्या बायसवर प्रतिमा घ्या. हायड्रॉक्सिलवरचा हायड्रोजन उडून जातो आणि तो ठिपका नाहीसा होतो. रिकामी जागा मात्र जागच्या जागी राहते. मागे उरले ते तुमचे खरे दोष. म्हणूनच नेहमीच्या स्कॅनमध्ये बायस विनाकारण २ व्होल्टच्या वर नेऊ नका, नाहीतर पाहता पाहता नमुना बदलत राहील. झटक्यानंतर टिप बदलली नाही ना, हे भागाच्या बाहेरचा एखादा ओळखीचा ठिपका पाहून तपासा. तो आधीसारखाच दिसायला हवा.

मोजणी

१० नॅनोमीटर लांब आणि तितक्याच रुंद चौकोनात सुमारे ५२० ऑक्सिजन-जागा बसतात (१०० भागिले ०.६५ आणि ०.२९६ यांचा गुणाकार). त्यात २६ रिकाम्या सापडल्या तर प्रमाण ५ टक्के. तापवलेल्या रुटाइलवर काही टक्के ही अपेक्षित पातळी आहे. पण २६ च्या मोजणीत वर्गमूळाएवढी, म्हणजे ५ ची चूक गृहीत धरावीच लागते. एका सुंदर चौकोनावरून टक्केवारी सांगू नका. वेगवेगळ्या गच्च्यांवरचे, पायऱ्यांपासून दूरचे आणि जवळचे असे बरेच चौकोन मोजा, आणि ते चौकोन ठिपके दिसायच्या आधी निवडा. दाट ठिपक्यांची जागा पाहून चौकोन आखायचा मोह होतो आणि टक्केवारी फुगते.

दुसऱ्या ऑक्साइडकडे जाताना

ॲल्युमिना किंवा मॅग्नेशिया तापवूनही वाहक होत नाहीत, तिथे एसटीएम चालत नाही. दोन वाटा आहेत. एक म्हणजे धातूवर ऑक्साइडचे दोन-तीन अणुथर वाढवणं, चांदीवर मॅग्नेशिया करतात तसं. दुसरी म्हणजे स्पर्श न करता बल मोजणारा अणुबल मायक्रोस्कोप. अणुबल मायक्रोस्कोप बिनिग, क्वेट आणि गेर्बर यांनी १९८६ साली मांडला, त्याच वर्षी बिनिग आणि रोहरर यांना एसटीएमसाठी नोबेल मिळालं. १९९७ मध्ये जपानी गटाने स्पर्शरहित पद्धतीने याच रुटाइलच्या पृष्ठभागाची अणु-प्रतिमा घेतली. मात्र इथेही तीच सावधगिरी. टिपेच्या टोकावर धन अणू आहे की ऋण, यावर ऑक्सिजनच्या रांगा उजळ दिसतात की काळ्या, हे ठरतं. सिरियम ऑक्साइडवर रिकाम्या जागा पुंजक्यांनी बसतात, लोहाच्या मॅग्नेटाइटवर प्रश्न ऑक्सिजनपेक्षा पृष्ठभागाखालच्या लोहअणूंच्या रिकाम्या जागांचा असतो. रुटाइलवरची पारख जशीच्या तशी तिकडे नेऊ नका. प्रत्येक ऑक्साइडसाठी स्वतंत्र चाचणी शोधा.

आणि एक विनंती. प्रबंधात, पोस्टरवर किंवा सेमिनारमध्ये अशी प्रतिमा लावाल तेव्हा तिच्याखाली बायस, करंट, नमुन्याचं तापमान, चेंबरचा दाब आणि तापवल्यानंतर किती वेळाने प्रतिमा घेतली, हे पाच आकडे लिहा, आणि ३ व्होल्टच्या झटक्याआधीची व नंतरची प्रतिमा शेजारी ठेवा. दुसऱ्या कोणी हे न देता दोषांची टक्केवारी सांगितली, तर उभं राहून हे आकडे मागा.